जान्याने घेतलेल्या सुया

नंदुरबार, माघ वद्य सप्तमी

चि. झिपरूला दादाचा आशीर्वाद. मी खुशाल शे, हे आईला आधी वाचून दाखव.

इथे सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गंजीखाली मेलेले उंदीर सापडले. लगेच शेठने पलेगची सुई टोचायला डॉक्टर बोलावला. सुई टोचली की हातावर गूळ ठेवतात. बैलाला डाग देण्याआधी आपणही गूळच चारतो ना? आणि शेठ स्वतः काही टोचून घ्यायला आला नाही.

जिनात हजेरीला एकाच्या नावावर दुसरा उभा राहतो, ही इथली रीतच. माझ्या टोळीतला धडगावचा जान्या म्हणाला, "दादा, तू भिऊ नको. तुन्हा नाववर मी जास." फेटे बदलून त्याने तिघांच्या नावावर सुया घेतल्या आणि हसत हसत गूळ खाल्ला.

आता त्याचा दंड सुजलाय, तापात बडबडतोय. टोळी म्हणते, सुईतच विष शे. मला टोळीचंही पटत नाही, डॉक्टरचाही भरवसा वाटत नाही.

काल माझ्या अंथरुणाशी उंदीर मेला. तेव्हा मात्र मी जाऊन डॉक्टरपुढे दंड उघडा केला. "गिरधर ना? तुझं झालंय," असं वहीत नाव बघून म्हणत त्याने हाकललं. खरं सांगावं तर जान्याला पोलिसात देतील.

अक्कलकुव्यात उंदीर पडतात का? पडले तर घर सोडून शेतात राहा. आईचा खोकला कसा शे?

ती विचारेल, तर दादाने सुई घेतली असं सांग. तिला शंका आली, तर इथल्या डॉक्टरला विचार म्हणावं. तोही हेच सांगेल.

तुझा दादा,
गिरधर