मिनिटाला बुडबुडे किती

घाटनांदूर,
बुधवार

प्रिय शिवा,

काल तू फोनवर म्हणालास, पुढच्या शनिवारच्या गाडीने येतो, माशांच्या टाकीसाठी नवा रेग्युलेटर आणतो, तोवर अण्णा तुम्ही गॅसच्या सिलिंडरला हात लावू नका. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला खरा, पण तेव्हापासून चहा गोड लागेना. तू हैदराबादहून निघण्याआधी तुला काही सांगायचंय आणि ते फोनवर जमणार नाही. फोनवर तू लगेच विचारशील, मिनिटाला बुडबुडे किती, आणि मी पुन्हा मोजायला बसेन.

आधी घरची खबर. मासे दोन्ही मजेत आहेत. नारिंगी तर मी जवळ गेलो की काचेला तोंड लावतो. बोअर आटलाय, आठवड्याला टँकर येतो, त्यातलंच पाणी गाळून, मीठ कालवून मी तुझ्या समुद्रात घालतो. फिल्टरचं फेकपाणी आश्रुबाच्या शेळ्यांना. परवा तो बादली न्यायला आला आणि कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे बघतच राहिला. म्हणाला, "अण्णा, लई दिस झालं इचारीन म्हन्तो, ह्या दगडाला गॅस कावून पाजता?" मी सांगितलं, बाबा, हा दगड नाही, पोवळं आहे, जिवंत आहे, त्याला वाढायला चुना लागतो. शेजारच्या नळकांड्यात मेलेल्या पोवळ्याचा चुरा भरलाय. गॅस मिसळला की आतलं पाणी आंबट होतं, चुरा जरा जरा विरघळतो आणि ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडतं. गॅस कमी पडला तर पोवळं उपाशी, जास्त झाला तर टाकीच आंबट. सगळं तू शिकवलेलं, मी पोपटासारखं म्हणून दाखवलं. तर आश्रुबा म्हणतो, "म्हंजी सोड्याचीच बाटली हाय की!" चाळीस वर्षं स्टेशनसमोर सोडावॉटर विकलेल्या माणसाला हे शेळ्या वळणाऱ्याने सांगावं!

त्या चाळीस वर्षांनीच घोटाळा केला बघ. दिवाळीच्या सुमारास सहा महिने पुरणारा सिलिंडर अठरा दिवसांत रिकामा झाला. तू म्हणालास, साबणाचं पाणी लावा, फेस कुठे येतो बघा. फेस आला सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडावर. मला वाटलं, एवढंच ना? दुकानात गळेल त्या गोष्टीला मी पांढरी टेप गुंडाळत आलो, इथेही गुंडाळली, आणि आत वॉशर म्हणून जुन्या चपलेचं चामडं गोल कापून बसवलं. ते गळतच राहिलं. तू सांगितलंस, तिथे गॅस आट्यांनी अडत नाही, वॉशरने अडतो, टेप काढून टाका. पाकिटातून नायलॉनचे दोन वॉशर पाठवलेस. ते मी गोळ्यांच्या डब्यात ठेवले आणि तुला सांगितलं, बसवले. पोराने आपल्याला गॅस शिकवावा हे मला पचेना. मग तू बिचारा लांबून एकेक भाग तपासत बसलास, कधी बारीक व्हॉल्व्ह, कधी नळी, कधी विजेची खटकी.

ऑफिस सुटलं की रोज तुझा फोन यायचा. मोजा अण्णा, म्हणायचास. मी चष्मा लावून, गॅसचे बुडबुडे दिसतात त्या बोटभर काचेच्या नळीसमोर बसायचो, तू घड्याळ धरायचास, मी मोठ्याने मोजायचो. पूर्ण एक मिनिट तू गप्प. तिकडे तुझा पंखा ऐकू यायचा, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीही. तुझी आई गेल्यापासून या घरात माझा आवाज कुणी सलग एक मिनिट ऐकलेला नाही, शिवा. आधीचे आपले फोन आठव. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. ठेवू का, ठेव.

संक्रांतीला अंबाजोगाईहून पुन्हा सिलिंडर भरून आणला तेव्हा माझी मलाच लाज वाटली. टेप खरवडली, चामडं फेकलं, तुझा वॉशर घालून पान्याने आवळलं. साबण लावला तर फेसाचं नाव नाही. मिनिटाला बरोबर तीस बुडबुडे, तू ठरवून दिलेले. हरखून तुला फोन लावला. तू विचारलंस, "आज किती?" आणि माझ्या तोंडून निघालं, बावन्न.

तेव्हापासून कधी बावन्न, कधी बारा. तू काळजीत पडायचास, आणखी दहा मिनिटं बोलायचास. होळीच्या दिवशी खोटं बोलायचा कंटाळा आला, म्हणून मी व्हॉल्व्ह खरंच जास्त उघडला, निदान आकडा तरी खरा सांगता यावा. असला शहाणपणा मलाच सुचायचा. चौथ्या दिवशी ज्याला तुझी आई जांभळी तुळस म्हणायची, त्या पोवळ्याची टोकं पांढरी पडली. दोन फांद्या गेल्या. व्हॉल्व्ह पुन्हा जागेवर आणलाय, बुडातून थोडा रंग येतोय. तिच्या तुळशीला मी हात लावला, ते मात्र माझं मलाच माफ होत नाही.

तर हे लिहायचं कारण एवढंच, की टाकीला काही झालेलं नाही. तीन महिन्यांपासून जोड पक्का आहे. रेग्युलेटर आणू नकोस आणि त्यासाठी रजाही घालवू नकोस. हे वाचल्यावर तुला इथे यायचं काही कारण उरणार नाही, हे मला कळतं, आणि त्याचीच भीती वाटते. मला फार एकटं वाटतं रे, एवढंच बिघडलंय. तरी शनिवारी गाडीच्या वेळेला मी स्टेशनवर येऊन उभा राहीन. आला नाहीस तर रागावणार नाही, चालत घरी जाईन. फक्त त्या संध्याकाळी फोन कर, बुडबुडे विचारू नकोस, आणि एक मिनिट नुसता धरून ठेव.

तुझाच,
आजपासून खरा आकडा सांगणारा
अण्णा