गूळ, ओली गोणी आणि जुनं लाकूड

निपाणी
९ जानेवारी १९८४

प्रिय रवळू,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या साहेबांना तुझ्या या थोरल्या भावाचं नाक पुन्हा बघायचंय, म्हणून शनिवारी बेळगावला ये, असं लिहिलंयस. बघायला मी काय संकेश्वरच्या बाजारातला बैल आहे? संक्रांत झाली की वखारीत तंबाखूची पारख सुरू होईल. यंदा येणार की नाही, ते उद्या मालकांना सांगायचंय. तीस वर्षं मी हुंगून सांगितलं, त्यावर शेतकऱ्यांच्या मालाचा भाव ठरला. आणि तुला त्या नाकाचा खेळ करून दाखवायचाय.

खरं सांगायचं तर तुमचा परवाचा सोहळा बघून मला कीव आली. लंडनहून आलेल्या मित्राने दिलेली व्हिस्कीची एक बाटली, ती तू देव्हाऱ्यातून काढावी तशी बाहेर आणलीस. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीची, नुसत्या जवाची, आणि ही त्यातली सगळ्यात साधी, नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करायची, हे तूच सांगितलंस. म्हणजे बालवाडीच झाली. त्या बालवाडीत पन्नाशीचे बाप्ये पोटं सावरून बसले होते. बर्फ नाही, सोडा नाही. आधी रंग बघायचा, मग तोंड किंचित उघडं ठेवून हुंगायचं, मग चमच्याने पाण्याचे दोन थेंब सोडायचे, म्हणजे वास मोकळा होतो. हे तू मला शिकवत होतास. तंबाखूचं पान तळहातावर चोळायचं, त्याला तोंडाची वाफ द्यायची आणि मग नाकाशी न्यायचं, हे मी शिकलो तेव्हा तुला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता.

वकिलांना मध लागला. बँकेच्या मॅनेजरांना नासपती. त्या माणसाने जन्मात किती नासपती खाल्ल्या असतील देव जाणे. साहेबांनी डोळे मिटून व्हॅनिला म्हटलं, ते आइस्क्रीमच्या गाडीवाल्यालाही सुचलं असतं. बारा वर्षं पिंपात पडून होती याचं तुम्हाला कोण कौतुक. आमच्याकडे माल बारा वर्षं पडून राहिला तर मालक आम्हाला घरी पाठवतील. आणि भज्यांच्या वासाने व्हिस्कीचा वास मरतो म्हणून जयाला, स्वतःच्या बायकोला, तू ताट घेऊन आत परतवलंस. ती बिचारी दारात उभी राहून तुमच्या नाकांकडे बघत होती.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. साहेब म्हणाले, “बोला नागोजीराव, तुम्हाला काय येतंय?” मी ग्लास नाकाशी धरला, दोनदा श्वास घेतला आणि म्हणालो, “गूळ. वल्ली गोणी. आन् तळाला जुनं लाकूड.” मॅनेजरांनी पुन्हा हुंगलं आणि त्यांनाही लगेच गोणी सापडली. तुझी छाती फुगलेली मी बघितली. आमच्या अण्णाचं नाक, आमच्या अण्णाचं नाक, हे तू जेवण होईपर्यंत सांगत राहिलास.

रवळू, मला कसलाही वास आला नव्हता. गेल्या संक्रांतीला तो ताप येऊन गेला, तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही, तंबाखूचा नाही की रॉकेलचा नाही. रंग बघून गूळ म्हणालो, पिंप ऐकलं म्हणून लाकूड. गोणी उगाच ठोकून दिली. गेला अख्खा हंगाम मी असाच काढला, रंग बघून आणि बोटांनी चाचपून, आणि कुणाला काही सांगितलं नाही. आपल्या शेजारच्या गावचा भावकू माल घेऊन आला. दिसायला काळपट होता, म्हणून मी तो हलक्या प्रतीच्या ढिगात टाकला. महिन्याने गिऱ्हाइकाने तोच माल सगळ्यात उत्तम म्हणून उचलला. भावकू भांडला असता तर बरं झालं असतं. पण मी हलका भाव सांगितला तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आण्णा, तुमी म्हन्तासा म्हंजे तसंच आसंल.” तुझ्या पाहुण्यांना मी हसतो, पण त्यांच्या थापेने कुणाच्या वर्षभराच्या कष्टाची माती झाली नाही. उद्या मालकांना नाही म्हणून सांगेन, तेवढं मला जमेल. भावकूच्या दारात हे कबूल करायला मात्र एकट्याने जायचं धाडस होत नाही. शनिवारी मी येत नाही, तूच इकडे ये. आपण त्याच्याकडे जाऊ. मी बोलता बोलता थांबलो, तर पुढचं तू सांग.

तुझाच,
नागोजीअण्णा