घोरपड्या डोंगर आणि लोकांचे नारळ

२१ सप्टेंबर, रविवार

ठरलं. १२ ऑक्टोबरला घोरपड्या डोंगर. किनवटच्या पुढे आहे. ऑफिसचा ग्रुप नांदेडहून पहाटे जीपने निघणार. ट्रेक अवघड आहे, नवख्यांनी विचार करून नाव द्यावं, असं अमरनाथ सर म्हणाले. ते आमचे सिनियर क्लार्क आणि ग्रुपचे लीडर. मी विचार केला आणि लगेच नाव दिलं.

आमच्या घरात बिनकामाचं डोंगरावर कुणी गेलेलं नाही. आजोबा दगड फोडायला गेले, आई सरपणाला. शाळेत पहिली मी गेले, नोकरीला पहिली मी लागले. आता डोंगर उगाच चढणारीही पहिली मीच.

आईला फोन केला. वर काय हाय, असं तिनं विचारलं. टोक आहे, म्हटलं. ती म्हणाली, तिथला फोटू पाठव. त्या रविवारी संध्याकाळी वंदना झाली की ती विहारातल्या सगळ्या बायांना दाखवणार आहे. मी शब्द दिला.

आता माघार नाही. मी मुळात शांत स्वभावाची आहे. दाराची कडी तीनदा पाहिली ती केवळ सवयीनं.

२३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ

सराव सुरू. नांदेडला चढ नाही. यात माझा दोष नाही. घराच्या गच्चीचा जिना वापरते.

चौथ्या फेरीला घरमालकीण लक्ष्मम्मा उठून आल्या. मूळच्या उदगीरच्या, कापडाचं दुकान आहे त्यांचं. टाकी भरून वाहतेय का, विचारलं. डोंगराचा सराव आहे, मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठला देव? देव नाही, फिरायला चाललोय. यावर त्या हसल्या. देव नसताना डोंगरावर कोण चढतंय पोरी, वर काहीतरी असणारच. तू बघितलीस का वर काय आहे ते?

बघितलं नव्हतं. न बघता ‘नाही’ म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. मी पंचशील नुसतं म्हणत नाही, पाळते. म्हणून म्हटलं, माहीत नाही.

यात माझी चूक कुठे झाली ते मला अजून सापडलेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सराव चार दिवस बंद. पहिले दोन दिवस पाऊस, तिसऱ्या दिवशी जिन्यात लक्ष्मम्मांनी शेवया वाळत घातलेल्या, चौथ्या दिवशी पाय दुखत होते. पाय न चढता दुखले म्हणजे आतून तयार होत असणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार. गावी

धम्मचक्र दिन. चाकूरहून टमटमने गावी पोचले. विहारात बावीस प्रतिज्ञा झाल्या. माझा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता, असं मला वाटलं. आई शेजारी उभी. तिला वाचता येत नाही, पण एक शब्द चुकत नाही.

तिनं बायांना सांगून ठेवलंय. मला बघून एकीनं विचारलं, तूच का ती टोकावर जानारी? आईनं माझ्या आधी ‘हाव’ म्हटलं.

धाकटा भाऊ अश्वजित पुण्यात शिकतो, दोन-तीन ट्रेक केलेत, त्यामुळे स्वतःला फार समजतो. बॅग हलकी ठेव म्हणाला. कुणी काही दिलं तर घेऊ नकोस, तुला नाही म्हणता येत नाही, असंही म्हणाला. मला चांगलं येतं. वेळ आली की म्हणेन.

४ ऑक्टोबर, शनिवार

वेळ आली होती.

लक्ष्मम्मा संध्याकाळी नारळ घेऊन आल्या. सोबत खण, हळदकुंकवाच्या पुड्या, उदबत्ती. सुनेचं, सृष्टीचं, बाळंतपण जवळ आलंय. वरच्या देवाजवळ ठेव म्हणाल्या. मी शांतपणे समजावून सांगितलं, की मी बौद्ध आहे, परवाच प्रतिज्ञा घेऊन आलेय, पूजा करणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘तुमच्यात नसतंय, मला ठाऊक हाय की. तू कशाला पाया पडतीस? नुसतं ठेव अन् ये,’ म्हणाल्या. फार समजूतदार बाई. मी माझं म्हणणं पूर्ण मांडलं, त्यांना ते पूर्ण पटलं, आणि मग बघते तर नारळ माझ्या हातात होता.

शांतपणे विचार केला. कुरिअरवाल्याला पार्सलचा धर्म नसतो. ही अमानत आहे. पोचवायची, बस्स.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मम्मांनी दुकानात सांगितलं. दुकानातून ऑफिसात आलं.

हेडक्लार्क व्यंकटरावांनी सरकारी खाकी पाकिटात घालून नारळ दिला. लातूरला बदली हवी आहे. शिपाई ग्यानोबांचा गुडघ्यांसाठी. समोरच्या शिवकांता मॅडमचा कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं डोळ्यांना पदर लावला.

घ्यायचे नाहीत असं पक्कं ठरवलं होतं. पण घरमालकिणीचा घेतला आणि शिपायाचा नाही, याला समता म्हणत नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता म्हणून सगळे घेतले.

प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं, की वर देव आहे की नाही मला माहीत नाही. व्यंकटराव म्हणाले, तुमचा हा प्रामाणिकपणाच आवडतो मॅडम, म्हणून तर तुमच्याकडे दिला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बॅग भरली. उचलली. खाली ठेवली.

प्रत्येकाने तीन लिटर पाणी आणावं, बॅग हलकी ठेवावी, असा अमरनाथ सरांचा मेसेज आहे. या दोन सूचना एकमेकींच्या विरोधात आहेत हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी मार्ग काढला. पाण्याच्या दोन बाटल्या कमी केल्या. तशीही नारळात पाणी असतंच.

सराव थांबवलाय. शेवटचे दिवस विश्रांती घ्यायची असते. माझ्या बाबतीत सगळेच दिवस शेवटचे ठरले, ही वेगळी गोष्ट.

१२ ऑक्टोबर, रविवार. पायथा

उत्साह प्रचंड. डोंगर फोटोत होता त्यापेक्षा उभा वाटतो. फोटो काढणाऱ्याने मोबाइल तिरका धरला असणार.

आईचा मिस्ड कॉल. वर गेल्यावरच करीन.

नंतर

मी सगळ्यांच्या मागे आहे. मुद्दाम. शेवटचा माणूस सगळ्यांवर लक्ष ठेवतो, फार जबाबदारीचं काम आहे. मला ते कुणी दिलेलं नाही, पण कुणीतरी करायला हवं. सध्या कुणी दिसत नसल्यामुळे आवाजावरून लक्ष ठेवते.

गवत कमरेएवढं. कुसळं सलवारीतून आत घुसतात. आठ पावलं, मग थांबून निसर्ग पाहणे. निसर्ग भरपूर आहे.

नंतर

ऊन. पाणी संपलं.

अमरनाथ सर माझ्यासाठी खाली आले. बॅग द्या म्हणाले. अमानत दुसऱ्याच्या हाती देत नसतात. एवढं आहे काय हिच्यात, असं त्यांनी विचारलं. सामान, म्हटलं. हे खरंच होतं.

दुपार. मोहाच्या झाडाखाली

सपाटी आहे. एक मोठं मोहाचं झाड, खाली चपटा दगड. इथून पुढे कातळ. सर म्हणाले, बॅग घेऊन कातळ चढता येणार नाही, इथे ठेवा आणि चला, तासाभराचं काम आहे. झाडावर माकडं होती. लोकांचे नवस माकडांवर सोडून जायचं? मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, पाच मिनिटांत येते.

योजना अशी: नारळ ओढणीत बांधून पाठीला घट्ट आवळायचे, म्हणजे हात मोकळे. त्यासाठी बॅगेतलं सगळं दगडावर काढलं. कुणाचा कुठला ते मिसळू नये म्हणून ओळीने मांडलं. प्रत्येक नारळाजवळ त्याचा खण, त्याची पुडी. उदबत्त्या मोडतील म्हणून दगडाच्या फटीत उभ्या खोचल्या.

तहान फार. एक नारळ फोडला तर? पण कुणाचा? लक्ष्मम्मांचा म्हणावा तर बाळंतपण. ग्यानोबांचा म्हणावा तर गुडघे. व्यंकटरावांची बदली त्यातल्या त्यात कमी महत्त्वाची वाटली, पण तसं ठरवणारी मी कोण. नाही फोडला.

नंतर

दोन बाया गवताचे भारे घेऊन आल्या. दगडाकडे पाहिलं. भारे उतरवले, चपला काढल्या. थोरलीनं विचारलं, ह्यो कंचा देव, बाई?

कोणताच नाही, मी सांगितलं.

‘आसं म्हनू न्हाई,’ ती म्हणाली. मग तिनं सोनकीची फुलं तोडून दगडावर वाहिली. धाकटीनं लक्ष्मम्मांची पुडी सोडून दगडाला कुंकू लावलं. मी दोन्ही हात जोडून विनवलं, की कृपा करून असं करू नका. माझे हात जोडलेले पाहून त्यांनीही जोडले. आम्ही तिघी काही वेळ तशाच उभ्या होतो.

नंतर

ग्रुप टोकावरून परत आला. उन्हाने लाल, तहानलेले. सगळ्यांनी आपोआप बूट काढले. येताना इथं देव दिसला नव्हता, असं एकजण म्हणाला. अमरनाथ सर म्हणाले, घाईत दिसत नाही. आणि त्यांनी व्यंकटरावांचा नारळ उचलून दगडावर फोडला. मी पुन्हा हात जोडले, अहो सर, नका. तोवर दुसरा फुटला. कुणीतरी फोटो काढत होतं.

खोबरं वाटलं. पाणी मी प्याले. डिहायड्रेशन ही वैद्यकीय बाब आहे.

मग सरांना म्हटलं, माझं टोक राहिलंय. मी पटकन जाऊन येते, बॅग आता रिकामी आहे. सर घड्याळ बघून म्हणाले, आता नाही, अंधार व्हायच्या आत खाली उतरायला हवं. मी म्हटलं, एक फोटो काढायचाय फक्त. ते म्हणाले, आमचे पाठवतो की.

टोक दिसत होतं. वर सर्व्हेचा पांढरा रंगवलेला खांब आहे, बाकी काही नाही, असं ते म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाय उचलत नाहीत. रजा.

फोटो काल संध्याकाळी, आम्ही जीपमध्ये असतानाच, ग्रुपवर आला. शेंदरासारखा लाल दगड, नारळ, उदबत्त्या, आणि समोर डोळे अर्धे मिटून हात जोडलेली मी. व्यंकटरावांनी स्टेटसला ठेवला. तिथून अश्वजितकडे. तिथून गावातल्या कुणाकडे तरी. म्हणजे मी पाठवायच्या आधीच माझा फोटो विहारात पोचला होता. शब्द मोडला असं म्हणता येणार नाही.

अश्वजितचा फोन. तो हसत होता आणि चिडलेलाही होता. विहारात कुणी काही बोललं नाही, पण आईनं मोबाइल पालथा ठेवला आणि घरी निघून गेली, एवढं त्यानं सांगितलं.

दिवसभर आईला फोन केला नाही. रेंज नसेल असं वाटलं. संध्याकाळी तिचाच आला.

‘पाया पडत व्हतीस का?’

‘नाही आई. नका करू म्हणून सांगत होते त्यांना.’

‘मला वाटलंच. तू नको म्हनतानाबी हातच जोडतीस.’

मग तिनं विचारलं, ‘टोकावर गेल्तीस का?’

माझ्याकडे बरीच खरी उत्तरं तयार होती. ग्रुप पोचला. टोक अगदी समोर होतं. वरच्या लोकांशी मी संपर्कात होते.

‘न्हाई,’ म्हटलं.

पलीकडे चुलीत काटकी मोडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, ‘बरं. बायांस्नी सांगते तसं.’ आणि जेवलीस का, विचारून फोन ठेवला.

निश्चय: महिन्याच्या आत एकटीने परत जायचं. रिकाम्या हाताने. टोक गाठायचं. कुणी काही दिलं तर सरळ नाही म्हणायचं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

व्यंकटरावांची बदली झाली. लातूर. पेढे वाटताना त्यांनी सगळ्यांना झाड कुठे आहे ते सांगितलं.

अर्ज त्यांनी मार्चमध्येच दिला होता, हे मी निदर्शनास आणून दिलं. ते म्हणाले, बघा, मार्चपासून अडकलेलं काम.

सृष्टी बाळंत झाली. मुलगी, दोघी सुखरूप. डॉक्टरांना कुणी पेढा दिला की नाही माहीत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या जीप चाललीय. लक्ष्मम्मा, त्यांचे भाऊबंद, शिवकांता मॅडम, गुडघे धरून ग्यानोबासुद्धा. मोहाच्या झाडापर्यंत. पुढची सीट माझ्यासाठी ठेवलीय, रस्ता मलाच माहीत आहे ना.

मी नाही म्हणाले. अगदी स्पष्ट. लक्ष्मम्मांनी माझे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि सुनेला म्हणाल्या, बघ, पोरीचा भाव बघ. मी म्हटलं, तिथं देव नाही, ते नारळ मी मांडले होते. त्या म्हणाल्या, तुझ्या हातानं झालं, आणखी काय पाहिजे?

शेवटचा उपाय म्हणून रस्ता आठवत नाही असं सांगणार होते. पण ते खोटं झालं असतं.

पहाटे पाचला निघायचंय. बॅग भरून झाली. पाणी घ्यायला जागा उरलेली नाही.

झाडापर्यंतच तर जायचंय. तिथून टोक चांगलं दिसतं.