एप्रिलातला हीटर

१५ एप्रिल
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसचे युनिट पुन्हा वाढलेत. "राऊत, प्लांटचं समजू शकतो. चाळीस माणसांच्या ऑफिसला एवढी वीज? या महिन्यात खाली आली नाही तर मेंटेनन्स बाहेरच्या एजन्सीला देतो." मला रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. या वयात बोईसरात दुसरं कोण ठेवणार? मशीन रूममध्ये येऊन नुसता बसून राहिलो. दिवसभर गार हवा करायची आणि आपण घामात. वीट आलाय.

१६ एप्रिल
हॉलमध्ये फेरी. खिडकीकडचे म्हणतात उकडतंय, मधले म्हणतात गारठलो. कुणीतरी हवेच्या जाळीला पुठ्ठा चिकटवलेला. स. काढला, दु. परत हजर. साहेब लोकांना कंपनीने ब्लेझर दिलेत, म्हणून एसी बावीसवर. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत बायका स्वेटर घालून.
डिस्पॅचच्या तामोरे बाई तर शाल आणि पायमोजे. म्हणाल्या, "भाऊ, सातपाटीला आमी पापलेट बर्फात लावतो ना, तशी बसलीय मी हितं." मी हसलो. त्या नाही हसल्या. गेल्या वर्षीच्या ऑपरेशनपासून त्यांना थंडी सोसत नाही.

१८ एप्रिल
ऑफिसला सुट्टी. मुद्दाम गेलो. रिकाम्या हॉलमध्ये एसी लावला. ऊन तेच, बावीस तेच. अर्ध्या तासात कॉम्प्रेसर आपोआप थांबला. एरवी संध्याकाळपर्यंत थांबत नाही. म्हणजे मशीन ठणठणीत, घोळ माणसांत. पण कुठे? सफाळ्याला घरी आलो तरी तेच डोक्यात. हिने जेवायचं विचारलं तर खेकसलो. उगाच.

१९ एप्रिल
सापडलं.
तामोरे बाईंच्या टेबलाखाली, फायलींच्या आड, छोटा हीटर. आणि बरोबर वर, खांबावर, एसीचा सेन्सर. हीटरची ऊब सेन्सरला लागते. त्याला वाटतं हॉल तापलाय, की मशीन आणखी गार करतं. बाई आणखी कुडकुडतात, हीटर वाढवतात. वर्षभर हेच चाललंय.
आधी हसू आलं. मग आठवलं. बाई ऑपरेशनहून परतल्या तेव्हा त्यांचं टेबल जाळीखालून काढून त्या खांबापाशी मीच हलवलं, जरा बरं वाटेल म्हणून. सेन्सर तिथे आहे हे अख्ख्या ऑफिसात एकाच माणसाला माहीत होतं. मला. शरम वाटली स्वतःची.

२१ एप्रिल
बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. चेहरा उतरला. "माजं नाव नका सांगू भाऊ. जूनमदी काँट्रॅक्ट संपतंय. आदीच बोलतात, आजारी बाई कशाला ठेवलीय. घरात कमावती मीच हाय." हीटर उचलून माझ्या कपाटात ठेवला, सेन्सर पलीकडच्या भिंतीवर हलवला.

२२ एप्रिल
कॉम्प्रेसर थांबतोय, चालू होतोय, थांबतोय. युनिट उतरले. आनंद व्हायला हवा होता.
साहेबांना विचारलं, बावीसचं पंचवीस करू का, मधल्या ओळीला सोसत नाही. "बाहेरचे पाहुणे येतात, राऊत. बरं दिसत नाही." कोट काढून ठेवा की, असं अगदी ओठांवर आलं. गिळलं. तामोरे बाई दुपारीच हाफ डे टाकून गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ एप्रिल
साहेब खूश. पण हेड ऑफिसला लेखी पाहिजे. कारण काय, चूक कोणाची. सकाळपासून तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं, सेन्सरखाली टेबल मी हलवलं, चूक माझी. सही करून नेऊन दिलं.
साहेबांनी दोनदा वाचलं. "टेबल ठेवलं म्हणून सेन्सर तापतो होय?"
"खाली हीटर होता."
"कोणाचा?"
हॉलमध्ये कुणाचा तरी फोन वाजत होता. मी म्हणालो, "माझा."
"एप्रिलमध्ये? बोईसरात?"
"वय झालं साहेब. थंडी वाजते."
मशीन रूममधून सरळ वर गेलेलो. शर्ट पाठीला, पोटाला चिकटलेला, कपाळावरून घाम ठिबकत होता. साहेब शर्टाकडे बघत राहिले. मग कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.
"बघू," म्हणाले.