ज्या चित्रापाशी तू गप्प बसलास

प्रिय फेरेती,

पेसामिनोचा फोन आला होता. तुझ्या लेकाला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणाला, "आत्या, बाबा सभेत उभे राहिले, काठी टेकली, आणि पाहुण्या गावाचं नावच त्यांना आठवेना." सगळे माना खाली घालून बसले म्हणे. तू गावाचा वक्ता, सभेत गावाच्या वतीने बोलणारा. दोन घरांत कुऱ्हाडी निघाल्या तरी तुझ्या बोलण्याने त्या खाली ठेवल्या जातात.

इथे ऑकलंडला ऑपरेशनच्या आधी डॉक्टर हार्कोर्टबाईंनी आपल्याला मेंदू समजावला होता, आठवतं? डाव्या कपाळामागे बोलणं घडतं, कानाच्या आतल्या बाजूला ते समजतं, मानेच्या वर बसलेला लहान मेंदू तोल सांभाळतो. तू लगेच म्हणालास, "मग माझा लहान मेंदू झकास आहे, आजवर एकाही माडावरून पडलो नाही!" बाई हसल्या. मला कसलं हसू येतंय? तुझ्या मेंदूतली गाठ नेमकी बोलण्यापाशी होती. म्हणून तर तुला जागं ठेवून कवटी उघडायची ठरली. बाई एकेका जागी विजेचा हलका स्पर्श करणार, तू चित्राचं नाव सांगायचं. जिथे अडशील ती जागा बोलण्याची, आणि तिथली गाठ तशीच सोडायची.

आदल्या दिवशी पेसामिनोसमोर तू सगळी चित्रं खिदळत ओळखली होतीस. ऑपरेशनच्या दिवशी तो तापाने फणफणला, आणि आपली भाषा कळणारं कुणीतरी हवं म्हणून मी आत बसले. मासा, होडी, छत्री, तू धडाधड सांगत होतास. मग ते चित्र आलं, दोरीवर वाळत घातलेले बायकांचे आतले कपडे. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटून घेतलेस. बहिणीसमोर भावाने असलं काही उच्चारायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण बाईंना ते कुठून कळणार? त्यांनी तीच जागा, तेच चित्र, तीनदा तपासलं. "बोलणं इथे आहे, इथे मी हात लावत नाही," त्या म्हणाल्या. तुझं गप्प बसणं कशामुळे, हे त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. मीही तोंड उघडलं नाही. तिथली गाठ तशीच राहिली, पुढे तू बेटावर गावी परतलास, आणि आपण दोघांनी तो विषय कधीच काढला नाही.

काल मी हार्कोर्टबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तुझी जुनी फाईल काढली. मग म्हणाल्या, ती जागा बोलण्याची असेल किंवा नसेलही, पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तू शब्द विसरतोयस म्हणजे राहिलेली गाठ वाढत असणार, तेव्हा उशीर नको. ऑपरेशनला बारा तारीख दिली आहे. फोनवर हे मला बोलवलं नसतं. आपल्या रीतीने डोक्यावर चटई घेऊन माफीसाठी तुझ्या दारात बसले असते, पण बहिणीला तू तसं बसू देणार नाहीस. मला लाज वाटली, फेरेती, आणि त्या लाजेपायी मी तुझा जीव धोक्यात घातला. ये. या वेळी पेसामिनो आत बसेल. मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहीन, तुझा एकही शब्द मला ऐकू येणार नाही इतक्या लांब.

तुझीच,
तालोसिया