खमणचं औषध आणि ताईचं बोंडलं

१२ ऑगस्ट
खमणला पुन्हा फिट आली, ओट्याखाली. कुत्र्यांच्या डॉ.नी गोळी बंद करून पातळ औषध दिलं. सकाळ-संध्याकाळ. खाडा झाला तर पुढची फिट आवरणार नाही, म्हणाले. मला संध्याकाळपर्यंत पेपरला मजकूर द्यायचा होता. ताई म्हणाली, "आण इकडे. मी पोरं वाढवलीत, सुमे. तू लेख वाढवलेस."

१३ ऑगस्ट
ताईनं माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं. आमच्या घरातली सगळी तान्ही त्याच्याच चोचीनं दूध-औषध प्यायली. खमणला मांडीवर उताणं घेतलं, मान मागे, नाक चिमटीत, चोच घशाशी. गटागट गेलं.
"बघ. तू बस लिहीत."
बसले.

१५ ऑगस्ट
खोकतोय. औषधानंतर जास्त.
ताई : "ढोंग आहे. तुझ्यावर गेलाय."

१६ ऑगस्ट
निजामपुऱ्याला दवाखान्यात. डॉ.नी दोनदा छाती ऐकली. औषध श्वासनळीत जातंय. मग ताईकडे वळून, "बेन, माथुं ऊंचुं नहीं करवानुं." मान सरळ ठेवायची, गालाच्या कडेनं सिरिंज, थोडं थोडं, गिळू द्यायचं. खोकल्याचं वेगळं इंजेक्शन दिलं.
रिक्षानं हरणीला घरी आलो. फाटकाशी ताई म्हणाली, "परक्यासमोर मला अडाणी ठरवलंस."
"कुत्र्याला बुडवत होतीस तू."
जास्त झालं. पण खोटं नव्हतं. बोंडलं माझ्या कपाटात ठेवलं.

१८ ऑगस्ट
सिरिंज दिसली की दिवाणाखाली. ओढून काढला तर चावला, अंगठ्याला. औषध फरशीवर. ताई दारात उभी, हातात चहा.
"मान सरळच होती ना?"
नाक चिमटीत धरणारी ती, आणि हा जाऊन बसतो तिच्याच पायाशी. निमकहराम.

१९ ऑगस्ट
सकाळचं निम्मं सांडलं. ताईला म्हटलं, तू धर, मी देते.
"मला हात लावायची परवानगी आहे?"
"धर म्हणते ना."
"आधी ते बुडवायचं परत घे."
घेतलं नाही. संध्याकाळचंही गेलं नाही. ताकात घालून पाहिलं. त्यानं वाटी हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं की…

२० ऑगस्ट
दुपारी फिट. लांबली. दोघी फरशीवर बसलो होतो, तो मध्ये. ताईनं त्याच्या डोक्याखाली आपला पदर सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही. डॉ.ना फोन केला. शुद्धीवर आला, नीट गिळायला लागला की आजचं औषध द्याच, म्हणाले.
मजकूर उशिरा येईल, असं ऑफिसला कळवलं. असं पूर्वी कधी कळवलं नव्हतं.
संध्याकाळी तो उठला, पाणी प्यायला. औषध द्यायला गेले तर बाटली नाही. टेबलावर सिरिंज नाही. कपाट उघडं, बोंडलंही नाही. ताईच्या खोलीला आतून कडी.
"ताई, काय वापरतेयस?"
"तुझं काम कर."
"मान बघ त्याची."
मग आतून, मला नव्हे, त्याला, हळू आवाजात : "सरळ बस रे. असा. गिळ."
दाराला कान लावून उभी आहे. खोकला आला नाही. अजून तरी नाही.