पाठमोऱ्या माणसाचा चांगुलपणा

चामोर्शी,
११ मे १९९८

तीर्थस्वरूप शालिकरामभाऊंना हेमराजचा साष्टांग नमस्कार.

गडचांदूरची सिमेंटची धूळ तुमच्या छातीला सोसत असेल, असं धरून चालतो. तुमची बहीण खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही.

कारण सांगतो. आपल्या मच्छीमार सोसायटीच्या तलावातले मासे काढले की काठावर वाटे लावतात. एकजण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो, अध्यक्ष नानाजी एकेका वाट्यावर हात ठेवून "हा कोनाचा?" विचारतात आणि पाठमोरा माणूस न पाहता एका सभासदाचं नाव घेतो, म्हणजे कोणाला काय येईल ते नशिबावर. दोन वर्षं हा मान माझा आहे. (तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केल्याचा गावाला झालेला हा एकमेव उपयोग.) परवा नानाजींनी आपली स्कूटर नेमकी माझ्यापुढं लावली. सातव्या वाट्याला माझी नजर तिच्या आरशात गेली, तर नानाजींचा हात तीन किलोच्या रोहूवर.

कॉलेजात शिकलो त्याप्रमाणे एक पंथ म्हणतो नियम पाळा, दुसरा म्हणतो परिणाम पाहा. मी तिसऱ्यातला: सद्गुणी माणूस इथं काय करेल, एवढंच विचारावं. (सद्गुणी माणसाला हे विचारावं लागतं का, ही शंका डायरीत नोंदवली आहे.) सद्गुणी माणूस उदार असतो, म्हणून मी विधवा गोकुळाबाईचं नाव घेतलं. तो निर्लोभी असतो, म्हणून पुढचा मूठभर झिंग्यांचा वाटा स्वतःच्या नावावर घेतला. ऊर जरा भरून आला. तेवढ्यात मागून सभासदांतली बुधरी म्हणाली, "काऊन जी मास्तर, आरशात पाहून नावं घेऊन राह्यले का?" सद्गुणी माणूस खरं बोलतो. मी हो म्हटलं.

उन्हात मासे वास मारू लागले होते, तरी सगळे वाटे मोडून पुन्हा लावले. या वेळी नावं बुधरीनं घेतली. गोकुळाबाईला झिंगे आले. मी समजूत घालायला गेलो, तर ती म्हणाली, "मास्तर, तुमची दया तुमच्या घरी ठेवा. माह्या नशिबानं आला असता तं मानानं नेला असता. आता लोक मले हासून राह्यले, अन् मासाबी नाई."

यावर पुस्तकात काही सापडलं नाही. तुमच्या बहिणीचा प्रश्न वेगळाच आहे: उदारपणा नेमका गोकुळाबाईवरच काऊन?

तुमचा,
हेमराज

ता. क. रविवारच्या सभेत मला या कामावरून काढायचा ठराव आहे. नानाजी तुमचे मावसभाऊ, तेव्हा शब्द टाकावा. मला मानाचा मोह नाही (नम्रता माझ्यात बरीच आहे), पण दुसरा कोणी उभा राहिला तर गावाचं नुकसान होईल.

पुन्हा ता. क. आरशात कितव्या वाट्यापासून दिसत होतं, हे नानाजी तुम्हाला विचारतील. सातव्या म्हणून सांगा. डायरीत पहिल्यापासून असं आहे. तिथं मी खोटं लिहीत नाही.